सलाईन: शिरेतून की कातडीखालून?

म्हाताऱ्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा आजार झाला की ओघानेच येणारा प्रश्न: सलाईन घरी लावता येतं का? येतं, पण डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिल्यावर आणि हात धरून शिकवल्यावर.

मूत्रपिंडं थकली की लघवी पातळ आणि भरपूर होते. कुत्रा सारखं पाणी पितो, तरी शरीरात रोज थोडं कमीच पडतं. ही हळूहळू पडणारी तूट कातडीखालच्या सलाईनने भरून निघते. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि १८ किंवा २० नंबरची नवी सुई आत सरकवायची. बारीक सुईचा मोह नको. वेळ दुप्पट लागतो आणि कुत्रा कंटाळतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी, कारण थंड सलाईन झोंबतं. एका जागी किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर जातं. मग पाठीवर उंटासारखं मदार येतं, कधी ते ओघळून पुढच्या पायावर उतरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बहुधा सहा-आठ तासांत ते जिरतं. पुढच्या डोसच्या वेळीही फुगवटा तसाच असेल, तर मात्र सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करावा.

बाटली आरएलची (रिंगर लॅक्टेट) किंवा एनएसची (नॉर्मल सलाईन). ‘ग्लुकोजने ताकद येते’ ही आपली लाडकी समजूत इथे घातक ठरते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्याच, अर्ध्या लिटरमध्ये साखर असते जेमतेम २५ ग्रॅम, क्षार शून्य. कातडीखाली गेलं की ते उलट रक्तातले क्षार आपल्याकडे ओढतं, आणि पू होण्याची भीती वेगळीच.

पार्व्हो विषाणूने आजारी पडलेलं पिल्लू ही निराळी गोष्ट. उलट्या, रक्ताचे जुलाब, पांढुरक्या हिरड्या, गार पाय. अशा वेळी शरीर हृदय-मेंदू वाचवायला कातडीचा रक्तपुरवठा आखडतं. त्यामुळे तिथे सोडलेलं सलाईन तसंच पडून राहतं. म्हणून पुढच्या पायाच्या शिरेत कॅन्युला हवी. हिशेबच पाहा: दहा किलोच्या कुत्र्यात आठ टक्के पाणी कमी झालं, तर तूट ८०० मिलिलिटरची. शिवाय रोजची गरज पाचएकशे मिलिलिटर, आणि जुलाबातून जात राहतं ते आणखी. हे घरी, मदार फुगवून, साधणारं काम नव्हे. ‘आज घरीच लावून बघू, उद्या नेऊ’ यात पिल्लं जातात.

तूट ओळखायला कातडी ओढून सोडण्याची युक्ती बरेच जण वापरतात. रोडावलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी एरवीही सावकाश बसते, तेव्हा त्याच्या हिरड्या चिकट लागतात का, ते पाहावं.

हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला विचारल्याशिवाय थेंबही देऊ नये. जादा पाणी फुप्फुसात उतरतं. सलाईन चालू असलेल्या कोणत्याही कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजत जा. मिनिटाला तीसच्या वर गेले, तर पुढचा डोस थांबवा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा.