नवाहोंचं कुळ म्हणजे आपलं गोत्र नव्हे

अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या कुळव्यवस्थेबद्दल दोन वाक्यं बोलावीत, की तिसरं समोरचा बोलतो : ‘म्हणजे आपलं गोत्रच की!’ जगात कुठेही काही सापडलं तरी ते आपल्याकडे आधीच होतं, याचं समाधान त्या सुरात असतं. काहींचा उत्साह तर नवाहोंना थेट सप्तर्षींपर्यंत पोचवतो. हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट सांगून टाकावं.

साम्य एकच आहे आणि ते खरं आहे : एका कुळात लग्न होत नाही. पण एका आडनावात लग्न न करण्याची रूढी चीन-कोरियातही होती. तिथे नाही आपण गोत्र शोधायला जात!

आता फरक. गोत्र बापाकडून येतं आणि लग्नानंतर बायकोचं गोत्र नवऱ्याचं धरतात. नवाहोंचं कुळ आईकडून येतं आणि लग्नाने बदलत नाही. मुलालाही आईचंच कुळ मिळतं, पण ते त्याला पुढे देता येत नाही; त्याची मुलं त्यांच्या आईच्या कुळाची. गोत्राचा मूळपुरुष ऋषी असतो. नवाहोंच्या कथेत ‘बदलती स्त्री’ ही देवता स्वतःच्या त्वचेपासून पहिली चार कुळं घडवते. आज साठहून जास्त कुळं मोजली जातात.

एवढ्यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, बापाऐवजी आई; उलटं गोत्र. तेही नाही. नवाहो माणूस एक नव्हे, चार कुळं सांगतो. आईच्या कुळात तो ‘जन्मतो’, वडिलांच्या कुळा‘साठी’ जन्मतो. तिसरं आईच्या वडिलांचं, चौथं वडिलांच्या वडिलांचं. रीतीप्रमाणे ओळख करून देताना नावापाठोपाठ ही चारही येतात. ‘मी तोदिचीनी, ताबाहांसाठी जन्मलेला…’ (उच्चार देवनागरीत जेमतेमच उतरतात.) तोदिचीनी म्हणजे कडू पाण्याचे, ताबाहा म्हणजे पाण्याच्या काठचे.

लग्नाचा नियम बघा म्हणजे गोत्राची उपमा कुठे मोडते ते कळेल. आपल्याकडे मामाचं गोत्र वेगळं, म्हणून अनेक समाजांत मामाची मुलगी चालते; इरावती कर्वे यांनी 1953च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त या चालीची प्रदेशवार मांडणी केली आहे. पारंपरिक नवाहो नियमात आईचं कुळ वर्ज्य आणि वडिलांचंही. मावसबहीण आपल्याच कुळाची, ती गेली. आतेबहीण वडिलांच्या कुळाची, तीही गेली. मामाची मुलगी? मामा आपल्या कुळाचा, म्हणजे आपलं कुळ हे तिच्या वडिलांचं कुळ. तिच्या बाजूने लग्न अडतं. चुलतबहीण आणि आपण एकाच कुळासाठी जन्मलेले, म्हणून सख्ख्या भावंडांसारखेच. चारही दारं बंद.

पण लग्न ही या व्यवस्थेची एक बाजू झाली. गोत्र आपल्याला आठवतं कधी? पूजेच्या संकल्पाला आणि वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म भरताना. ठाऊक नसलं तर ‘काश्यप’ सांगून माणूस मोकळा होतो. नवाहोंचं कुळ रोजच्या वापरातलं आहे. समजा, दुकानाच्या रांगेत विशीतला एक मुलगा आणि चाळिशीची एक बाई, एकमेकांना पूर्ण अनोळखी. तो चार कुळं सांगतो. दुसऱ्यावर ती म्हणते, ‘ताबाहा? मीही ताबाहा.’ संपलं. ती त्याच्या वडिलांच्या कुळाची, म्हणजे त्याची आत्या, ‘शिबिझी’. तिचं बोट धरून उभं असलेलं पोर तिच्या भावजयीचं निघालं आणि त्याचं कुळ या मुलाच्या आईच्या वडिलांचं असलं, तर ते सहा वर्षांचं पोर याचं ‘चेई’, आजोबा. आजोबांना शेंबूड पुसता येत नसला तरी. यात थट्टा चालते, पण नातं थट्टेचं नसतं : आत्या म्हटल्यावर वागणं आत्याशी वागावं तसं, आणि तिच्या बाजूने घास, निवारा, गाडीत जागा. या सगळ्याला त्यांच्या भाषेत एकच छोटासा शब्द आहे, ‘के’. नातं, माया, एकमेकांसाठी करणं, सगळं त्यात आलं. गॅरी विदरस्पून यांनी 1975च्या ‘नवाहो किनशिप अँड मॅरेज’ या पुस्तकात हेच दाखवलंय : तिथे आई म्हणजे जन्म देणारी आणि पोसणारी, देण्याघेण्यावाचून नातं पुरं होत नाही.

कुळ म्हणजे ‘शुद्ध रक्त’ असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट. 1680 मध्ये शेजारच्या प्युब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला; त्यानंतर स्पॅनिश फौजा पुन्हा चालून आल्या तेव्हा प्युब्लो गावांतली माणसं नवाहोंच्या आश्रयाला आली. हेमेझ गावाशी नातं सांगणारं कुळ आजही आहे; झुनी, यूट, मेक्सिकन मूळ सांगणारीही आहेत. परक्या बायकांची लेकरं परकी राहिली नाहीत. त्यांची नवी कुळं झाली.

बाकीचे गैरसमज एकेका दमात.

‘म्हणजे स्त्रीराज्य!’ नाही. वंश आईकडून मोजणं वेगळं, सत्ता वेगळी. नवाहो कौन्सिलला पहिली महिला सभापती 2023 मध्ये मिळाली.

‘कुळ म्हणजे आडनाव.’ नाही. नवाहोंची नेहमीची आडनावं बघा : बेगे म्हणजे ‘त्याचा मुलगा’, यॅझी म्हणजे ‘लहान’, त्सोसी म्हणजे ‘सडपातळ’. त्यांचा कुळाशी संबंध नाही.

‘प्रत्येक कुळाचा एक प्राणी असतो.’ सिनेमात. बहुतेक नावं पाण्याची आणि जागांची आहेत.

‘जावई सासरी राहतो, म्हणजे घरजावई.’ जुन्या चालीत तो बायकोच्या माहेराजवळ राही खरा, पण सासू-जावयाने एकमेकांच्या नजरेलाही पडायचं नसे.

‘कुळ सांगितलं की नागरिकत्व मिळतं.’ नवाहो नेशनच्या नोंदणीला किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त लागतं. तो कागदाचा हिशेब. कुळ अपूर्णांकात मोजत नाहीत.

‘नवाजो.’ नवाहो. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे ‘लोक’.

‘हे सगळं आता इतिहासजमा.’ 1982 मध्ये नवाहो न्यायसंस्थेने तंटे समेटाने मिटवणारं पीसमेकर कोर्ट सुरू केलं, त्याचा पाया ‘के’ हाच. आणि दुसऱ्या महायुद्धात नवाहो जवानांनी मरीन कोअरसाठी जी सांकेतिक भाषा रचली, तिच्यात ‘कोअर’ला शब्द होता ‘कुळ’, रेजिमेंटला ‘ताबाहा’, डिव्हिजनला ‘आशीही’, म्हणजे मिठाच्या कुळाचं नाव.

तुलना करायचीच असेल, तर गोत्र सोडा आणि एसटीत बसा. ‘कुठलं गाव? कुणाचे तुम्ही? अहो, मग तुम्ही आमच्या वहिनींच्या माहेरचे!’ एवढं झालं की शेजारचा माणूस सरकून जागा देतो आणि डबा उघडतो. नवाहोंचं कुळ समजायला याची जास्त मदत होईल.