पर्वरीत शोभराज कसा सापडला

मारेकरी आणि पोलीस एकमेकांचा मान राखतात, हे सिनेमात कसे पटवतात? गोव्यातल्या कोरगावच्या प्रेक्षकाला याचे उत्तर दशावतारी नाटकात मिळेल. राजा आणि राक्षस यांच्यात आधी शब्दांचे वार होतात, तलवारी नंतर. दोघे तोडीस तोड आहेत हे त्या बोलाचालीतच ठरते. जॉन वू यांच्या १९८९च्या हाँगकाँगी ‘द किलर’मध्ये मारेकरी चाउ युन-फॅट आणि इन्स्पेक्टर डॅनी ली एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे राहतात, तेव्हा तेच घडते.

खऱ्या तपासात तोडीस तोड वगैरे कुणी पाहत नाही. तिथे चेहरा ओळखता यावा लागतो.

चार्ल्स शोभराजचेच पाहा. तो ‘द किलर’मधल्यासारखा सुपारी घेणारा मारेकरी नव्हता. पर्यटकांना गुंगीचे औषध देऊन लुटायचा आणि मारायचा. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला. मुंबई पोलिसांनी इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांना गोव्याला पाठवले. कारण साधे होते: झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईत पकडले होते, म्हणजे तो माणूस त्यांनी समोरून पाहिला होता.

परदेशी फोन करायला शोभराज कुठे जाईल, हा पुढचा प्रश्न. गोव्यातल्या पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमधून तसे फोन लागत, म्हणून पथक तिथे ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला तो आला. झेंडे यांनी मागून जाऊन त्याला मिठी घातली आणि नावाने हाक मारली. बेड्या नव्हत्या, रेस्टॉरंटमधल्या दोरीने त्याला बांधले, असे झेंडे यांनीच पुढे सांगितले. चिन्मय मांडलेकर यांच्या २०२५च्या ‘इन्स्पेक्टर झेंडे’ चित्रपटाने ही गोष्ट हलक्याफुलक्या अंगाने मांडली आहे. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण या पाठलागात थरारापेक्षा वाट पाहणेच जास्त होते.

शोभराजला मात्र ही अटक पथ्यावर पडली. पळाल्याबद्दल शिक्षा वाढली आणि १९९७ मध्ये तो सुटला तोवर थायलंडमधल्या खुनांच्या वॉरंटची २० वर्षांची मुदत संपली होती. पळण्यामागे तोच डाव होता, असे मानतात. २००३ मध्ये काठमांडूत एका पत्रकाराने त्याला ओळखले, वर्तमानपत्रात बातमी आली आणि एका कॅसिनोत तो पुन्हा पकडला गेला. नेपाळच्या तुरुंगातून तो डिसेंबर २०२२ मध्ये सुटला.