बाळाचे कान: पहिल्या महिन्यातच तपासून घ्या!

बारशाच्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्यांचा वास घरभर दरवळतो, आणि आत्याबाई वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. तिच्या पाठीत धपाटे पडतात, हशा पिकतो. मैत्रिणींनो, त्या गडबडीत एक साधा प्रश्न कुणाच्याच मनात येत नाही. आत्यानं सांगितलेलं ते नाव बाळाला ऐकू गेलं का?

बाळ जन्मलं की आपण आधी वजन विचारतो. मग रंग कुणाचा, नाक कुणाचं, डोळे आजीसारखे की मावशीसारखे, याची चर्चा होते. कानांचा विषय निघतो तो फक्त ते टोचायचे कधी एवढ्यापुरता! पण दर हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच दोन्ही कानांनी फार कमी किंवा अजिबात ऐकू येत नाही. बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. बाळ गुटगुटीत असतं, हसतं, दूध पितं. शंका घ्यायला जागाच नसते.

अभिमन्यूची गोष्ट आपण सगळ्याजणी ऐकत आलो आहोत. चक्रव्यूहाचं राहू द्या, पण पोटातल्या बाळाला ऐकू येतं हे मात्र खरं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून त्याचे कान काम करू लागतात आणि जन्मल्यावर आईचा आवाज ते ओळखतं. म्हणजे भाषेचा अभ्यास जन्माआधीच सुरू झालेला असतो. ज्या बाळाला ऐकू येत नाही, त्याचा हा अभ्यास पहिल्या दिवसापासून बुडतो. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू भाषा शिकायला सर्वांत तयार असतो. ती वर्षं गेली की तेच काम फार कष्टाचं होऊन बसतं.

थाळी वाजवून कळतं का?

१९७२ सालचा गुलजार यांचा 'कोशिश' चित्रपट तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. संजीवकुमार आणि जया भादुरी यांचं ते मूकबधिर जोडपं! त्यांचं बाळ खुळखुळ्याकडे वळून बघत नाही आणि आईबापांच्या काळजाचं पाणी पाणी होतं. शेवटी कळतं की बाळाचे कान चांगले आहेत, खुळखुळाच वाजत नव्हता.

आपल्या घरी मात्र नेमकं उलटं होतं. सासूबाई पाळण्याजवळ थाळी वाजवतात, बाळ दचकतं आणि सगळ्या निर्धास्त होतात. पण बाळ कशानं दचकलं? हाताची सावली पडली असेल, वाऱ्याची झुळूक लागली असेल, पाळणा हादरला असेल. शिवाय थाळीचा दणका मोठा असतो. थोडंफार ऐकू येणारं बाळही त्याला दचकेल, पण आईचं हळू बोलणं त्याला ऐकू येत असेलच असं नाही.

दुसरी फसगत म्हणजे बाळाचे हुंकार. जन्मतः बहिरं असलेलं बाळही पहिले काही महिने इतर बाळांसारखंच 'अं... गं...' करतं. आजी कौतुकानं म्हणते, "किती बोलतोय बघा!" पण स्वतःचा आणि दुसऱ्याचा आवाज कानांवर पडत नसल्यामुळे सहा-आठ महिन्यांनंतर हे बोलणं पुढे सरकत नाही, हळूहळू कमी होतं. तोवर कुणाचं लक्ष नसतं.

तपासणी असते तरी कशी?

अगदी सोपी, आणि बाळाला काडीचाही त्रास न होणारी. सुई नाही, औषध नाही. दूध पिऊन बाळ झोपलं की त्याच्या कानात मऊ टोकाची एक छोटी नळी ठेवतात. तिच्यातून बारीक 'टिक टिक' आवाज आत जातो. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी निरोगी असतील तर आलेल्या आवाजाला त्या प्रतिध्वनीसारखं उत्तर देतात. ते उत्तर नळीतलाच नाजूक मायक्रोफोन टिपतो. लंडनच्या डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञानं १९७८ साली हा शोध प्रसिद्ध केला. या तपासणीला 'ओएई' म्हणतात. पाच-दहा मिनिटांत काम होतं.

दुसरी तपासणी 'बेरा'. तिच्यात कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवतात आणि आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते पाहतात. काचेच्या पेटीत किंवा नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची 'बेरा' अवश्य करावी. कधी कधी कान चांगले असतात, पण पुढची नस नीट काम करत नाही, आणि हा दोष 'ओएई'त सापडत नाही.

यंत्र दोनच उत्तरं देतं, 'पास' किंवा 'रेफर'. 'रेफर' हा शब्द वाचून रडत बसू नका. त्याचा अर्थ बहिरं असा नव्हे, पुन्हा तपासा एवढाच. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानात जन्माच्या वेळचा ओलावा आणि चिकटा असतो, त्यानंही 'रेफर' येतं. अशा बहुतेक बाळांचे कान दुसऱ्या तपासणीत चांगले निघतात. पण त्यासाठी दुसरी तपासणी व्हायला हवी ना!

एसटीत न बसलेला कागद

खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या परिचयातली एक मुलगी, माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. बाळंतपण सांगलीला झालं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कान तपासले, दोन्हीकडे 'रेफर' आलं. "दीड महिन्यानं पुन्हा आणा," असं सांगितलं गेलं. कागद फाईलमध्ये आणि फाईल आईच्या कपाटात गेली. दीड महिन्यानं बाळबाळंतीण वाजतगाजत साताऱ्याला आली. तिथे डोस द्यायला गेल्यावर कार्डावर कानांची काहीच नोंद नव्हती, म्हणून कुणी विचारलं नाही.

दीड वर्षाचा झाला तरी मुलगा बोलेना. तेव्हा घरच्यांनी सांगितलं, "याचा बापही उशिराच बोलला होता." मग मधात वेखंड उगाळून चाटवणं झालं. सव्वादोन वर्षांनी निदान झालं. आज तो यंत्र लावून शाळेत जातो, बोलायलाही लागला आहे. पण प्रत्येक शब्दासाठी त्या माउलीनं किती घाम गाळला आहे! ती मला म्हणाली, "ताई, यंत्र चुकलं नव्हतं, डॉक्टरही चुकले नव्हते. तेवढा कागद एसटीत बसला नाही."

सांगली ते सातारा वाट काही तासांची, पण असा कागद त्या वाटेवर सहज हरवतो. मराठवाड्यातून दर हंगामात आपल्या भागातल्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड बायांच्या बाळांचं तर विचारायलाच नको. त्यांचा पत्ताच दर काही महिन्यांनी बदलतो.

दोष सुनेला देऊ नका

जन्मतः बहिऱ्या असणाऱ्या मुलांपैकी दहांतल्या नऊंच्या आईवडिलांना चांगलं ऐकू येत असतं. "आमच्या घराण्यात असं कुणी नाही," हे म्हणणं म्हणूनच कामाचं नाही. आनुवंशिक बहिरेपणात बहुतेक वेळा सदोष गुणसूत्राचा अंश आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आहे. नात्यातल्या अशा लग्नांत दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, पण अशा घरातल्या बाळाची तपासणी मुळीच टाळू नये.

याखेरीज गरोदरपणात आईला झालेला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, फार कमी वजन, जन्मतःच गुदमरणं, रक्त बदलावं लागण्याइतकी तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर ही कारणं आहेत. जेंटामायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं बाळाचा जीव वाचवायला द्यावी लागतात, ती नाकारू नका. मात्र नंतर कान तपासून घ्या. ग्रहणात सुनेनं काय चिरलं याचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. रुबेलावर लस आहे आणि ती सरकारी लसीकरणात मिळते. मुलीला आज दिलेली ही लस उद्या तिच्या बाळाच्या कानांचं रक्षण करते.

कुठे जायचं?

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे. पुढच्या तपासण्या आणि उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय या कार्यक्रमात आहे. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीला वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. बाळंतिणीला भेटायला घरी येणाऱ्या आशाताईंनाही विचारा.

निदान झालंच तर हातपाय गाळू नका. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारांना सुरुवात, हा सर्वत्र मानला गेलेला नेम आहे. अमेरिकेत कोलोराडो इथं झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत निदान झालेली मुलं भाषेत इतर बहिऱ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे आढळली. अगदी लहान बाळालाही श्रवणयंत्र लावता येतं. त्यानं पुरेसं ऐकू आलं नाही तर 'कॉक्लिअर इम्प्लांट'ची शस्त्रक्रिया असते. ती लाखांच्या घरात जाते, पण पाच वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारची 'एडिप' योजना आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेकडे तिचं काम आहे. उत्पन्नाची अट असते, म्हणून कागदपत्रं वेळीच जमवा. खाणाखुणांच्या भाषेलाही कमी लेखू नका, तीही पूर्ण भाषाच आहे. बाळाला कोणती का होईना, पण भाषा लवकर मिळायला हवी.

एवढं लक्षात ठेवा

१. दवाखान्यातून घरी येण्याआधीच विचारा, "बाळाचे कान तपासले का?"

२. निकाल माता-बाल कार्डावर लिहून घ्या. तेच कार्ड माहेराहून सासरी तुमच्याबरोबर जातं.

३. 'रेफर' असेल तर दीड महिन्याच्या डोसाच्या वेळी पुन्हा तपासणी करून घ्यायची हे पक्कं करा. गाव बदललं असेल तर नव्या गावी करा.

४. बाळाच्या कानात तेल, लसणाची धार, काडी काहीही घालू नका.

५. 'पास' झालेल्या बाळावरही नजर ठेवा, कारण काही बहिरेपण मागाहून येतं. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळतं, वर्षाचं बाळ नावाला ओ देतं आणि 'आई', 'बाबा'सारखा एखादा शब्द बोलतं, दोन वर्षांचं दोन शब्द जोडतं. तसं होत नसेल तर वाट पाहू नका.

अर्धवेळ शिक्षिका म्हणून माझाही अनुभव असा, की 'लक्ष देत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या एखाद्या मुलाला खरं तर एका कानानं ऐकूच येत नसतं.

शेवटी एक विचार सगळ्यांपुढे ठेवते. केरळात कोचीनला बालरोगतज्ज्ञ डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकारानं २००३ साली एक सोपी युक्ती निघाली. प्रत्येक दवाखान्यानं यंत्र विकत घ्यायचं नाही. प्रशिक्षित माणसानं यंत्र घेऊन आठवड्यातून ठरल्या दिवशी दवाखान्यादवाखान्यांतून फिरायचं. आपल्या सातारा-सांगलीत महिला मंडळांना काय तोटा? हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी एका वर्षी सर्वांनी मिळून असं एक यंत्र का फिरवू नये? येत्या संक्रांतीला आपापल्या मंडळात हा विषय तर काढून बघा!