शिसवी लाकूड

जुन्या वाड्यांतील देव्हारे, कोरीव पलंग आणि खांब यांचे वर्णन करताना ‘शिसवी’ हा शब्द हमखास येतो. काळसर, जड आणि टिकाऊ अशा या लाकडाने घराला एकेकाळी प्रतिष्ठा दिली. हे लाकूड शिसव या वृक्षापासून मिळते. ‘डालबर्जिया लॅटिफोलिया’ हे त्याचे शास्त्रीय नाव. हा वृक्ष भारतीय द्वीपकल्पातील पानझडी वनांत, विशेषतः पश्चिम घाटाच्या परिसरात आढळतो. उत्तर भारतातील शिसम हा त्याचाच भाऊबंद. मात्र दोन्ही वृक्ष एक नव्हेत.

शिसवाचे खोड आडवे कापले, तर दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरचा भाग फिकट पिवळसर असतो. त्याला कीड लवकर लागते, म्हणून सुतार तो काढून टाकतात. आतला गाभा तपकिरी ते जांभळट असून त्यात काळ्या रेषा असतात. खरे मोल या गाभ्याचेच. ताज्या कापलेल्या गाभ्याला मंद सुगंध येतो. एक घनमीटर वाळलेले शिसवी लाकूड सुमारे ८५० किलो भरते. सागाचे तेवढेच लाकूड सुमारे ६५० किलो असते.

या लाकडावर काम करणे सोपे नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे रंधा मारताना पृष्ठभाग उचकटतो. हत्यारांची धार लवकर जाते. खिळा थेट ठोकल्यास लाकूड चिरते, म्हणून आधी भोक पाडावे लागते. लाकूड घाईने वाळवले, तरी तडे जातात. त्याच्या भुशाने काहींची त्वचा खाजते व श्वासाला त्रास होतो. म्हणून काम करताना नाकातोंडावर फडके बांधणे हिताचे ठरते. एवढे कष्ट घेतल्यावर मात्र पॉलिश केलेल्या शिसवाला अप्रतिम झळाळी येते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत बनणारे कोरीव शिसवी सामान परदेशांतही प्रसिद्ध होते. म्हैसूरचे कारागीर शिसवी फळीत रंगीत लाकडांचे तुकडे बसवून चित्रे साकारतात. पूर्वी त्यासाठी हस्तिदंत वापरला जाई. गिटारसारख्या वाद्यांसाठीही या लाकडाला मागणी आहे.

हीच मागणी वृक्षाच्या मुळावर आली. शिसव सावकाश वाढतो. जाड गाभा तयार व्हायला अनेक दशके लागतात. तोड मात्र काही तासांत होते. त्यामुळे रानातील मोठे वृक्ष विरळ झाले. २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने या वृक्षाच्या लाकडाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आणले. परंतु केवळ निर्बंधांनी रान वाढत नाही. शिसवाच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. त्यामुळे तो लावणाऱ्याच्या जमिनीचाही कस वाढतो.

आजोबांनी लावलेल्या शिसवाचे लाकूड नातवाच्या हाती येते. म्हणून जुनी शिसवी वस्तू मोडीत न काढता दुरुस्त करणे आणि नवे रोप लावणे, हाच या लाकडाचा खरा मान होय.