नेम दिसतो, माणूस दिसत नाही

टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावता येतं. त्यासाठी शिकण्याची सक्ती उरली नाही. म्हणूनच स्वतःहून शिकायला येणाऱ्यांचा वर्ग मला जवळून पाहायचा होता.

सुरुवात पिस्तूल लावण्याच्या जागेपासून होते. कंबर म्हणजे घड्याळाची तबकडी, बेंबीपाशी बारा. उजवखोरे बहुतेक तीन-चारवर, कुल्ल्याच्या हाडामागे होल्स्टर लावतात. काहीजण एकवर, पोटाशी. कुल्ल्यावरचं पिस्तूल चालता-फिरता सुखाचं, पण गाडीत बसलं की सीट आणि सीटबेल्टमध्ये अडकतं. पोटाशी लावलेलं बसल्यावरही हाताला लागतं, मात्र नळी सतत मांडीकडे रोखलेली राहते. म्हणून होल्स्टर ताठ हवं आणि चाप पूर्ण झाकणारं हवं.

मग पिस्तूल काढणं, तेही रिकामं. डावा हात सदरा छातीपर्यंत ओढतो. उजवा होल्स्टरमध्येच मूठ पक्की धरतो. इथे पकड चुकली तर पुढे ती सावरायला वेळ नसतो. पिस्तूल सरळ वर येतं, बरगड्यांजवळ नळी समोर वळते, छातीपुढे दोन्ही हात जुळतात आणि पुढे जाताना नेम धरायची साइट नजरेच्या रेषेत येते. एवढा वेळ तर्जनी चापाबाहेर, फ्रेमलगत सरळ. नेम लागला आणि झाडायचं ठरलं, तरच ती आत जाते. नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांनी रुजवलेल्या बंदूक-सुरक्षेच्या चार नियमांतला हा तिसरा.

पिस्तूल परत ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. सदऱ्याचं टोक किंवा जॅकेटची दोरी होल्स्टरमध्ये गेली, तर तीच चाप दाबू शकते. त्यामुळे खाली बघायचं, पोटाशी होल्स्टर असेल तर कंबर पुढे काढायची आणि सावकाश ठेवायचं.

शेवटी दिवे मालवले. अंधारात नेम दिसावा म्हणून नाइट साइटच्या ठिपक्यांमध्ये, पुढे एक आणि मागे दोन, ट्रिटियम वायूच्या बारीक काचनळ्या असतात. किरणोत्सर्गाने आतला लेप उजळतो, बॅटरी लागत नाही. दर १२.३ वर्षांनी ट्रिटियम निम्मं होतं, म्हणून जुनी साइट वय विचारूनच घ्यावी. तिन्ही ठिपके सारखेच तेजस्वी असले की अंधारात पुढचा कुठला, मागचे कुठले, हेच कळत नाही. पुढचा ठळक आणि मागचे मंद किंवा नुसते काळे, ही निवड मला पटली.

पण हिरवे ठिपके लख्ख दिसत होते तेव्हा समोरचं लक्ष्य काळोखातच होतं. लक्ष्य कोण आहे, त्याच्यामागे काय आहे, याची खात्री करा, हा चौथा नियम साइट पाळून देत नाही. मध्यरात्री दार उघडणारा आपलाच मुलगा असू शकतो. पैसे मोजके असतील तर आधी टॉर्च घ्यावी, साइट नंतर. टॉर्च हातातलीच हवी. पिस्तुलावर बसवलेल्या दिव्याने ओळख पटवायला गेलं, तर नळीही त्याच माणसावर रोखली जाते.