पापनिवेदन आणि त्याची गुप्तता

पापनिवेदन म्हणजे केलेल्या पापांची धर्मगुरूपुढे दिलेली कबुली, आणि पापमुक्ती म्हणजे त्यानंतर धर्मगुरूने देवाच्या नावाने उच्चारलेली क्षमा. कॅथलिक परंपरेत या दोहोंचा मिळून एक संस्कार होतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशूने शिष्यांना पापक्षमेचा जो अधिकार दिला, तो त्याचा आधार मानला जातो. मात्र जाळीच्या आडून हलक्या आवाजात होणारे निवेदन ही आरंभीची रीत नव्हे.

पहिल्या काही शतकांत धर्मत्याग, खून, व्यभिचार अशा घोर पापांचे प्रायश्चित्त उघडपणे, साऱ्या मंडळीच्या देखत घ्यावे लागे, पापी व्यक्तीला प्रभुभोजनापासून दूर ठेवले जाई, आणि बाप्तिस्म्यानंतर ही संधी आयुष्यात एकदाच मिळत असल्याने पुष्कळ जण ती अंतकाळापर्यंत लांबवीत. ज्या उपायाची गरज रोजच्या जगण्यात होती, तो अशा रीतीने मरणाच्या दारापाशी जाऊन बसला. ही कोंडी आयर्लंडच्या मठवासी साधूंनी फोडली. त्यांच्याकडे कबुली खाजगीत आणि हवी तितक्या वेळा देता येई, कोणत्या पापाला किती उपवास हे सांगणाऱ्या प्रायश्चित्त-संहिता त्यांनी रचल्या, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानुस व त्याच्या सहकाऱ्यांबरोबर ही रीत युरोपच्या मुख्य भूमीवर पोहोचली. 1215 मध्ये लॅटरन येथील चौथ्या धर्मपरिषदेने प्रत्येक सज्ञान श्रद्धावंताला वर्षातून किमान एकदा निवेदन बंधनकारक केले आणि त्याच आदेशात गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून मठात जन्मभर प्रायश्चित्त करायला लावावे, असे ठरवले. सक्ती आणि गुप्तता एकत्र आली हे योग्यच झाले, कारण अभयाशिवाय मागितलेली कबुली हा जुलूमच ठरला असता.

तरीही नुसत्या कबुलीने भागत नाही. ट्रेंटच्या परिषदेने 1551 मध्ये मनापासूनचा पश्चात्ताप, निवेदन आणि परिमार्जन ही पश्चात्तापी व्यक्तीची तीन कर्तव्ये सांगितली. चोरलेली वस्तू परत करण्याची तयारी नसेल, तर पश्चात्ताप खरा मानला जात नाही. त्याआधी 1517 मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने झोड उठवली होती ती निवेदनावर नव्हे, तर पापांचा दंड माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या विक्रीवर. खाजगी निवेदनाला तो पुढेही मोलाचे मानत राहिला, पण त्याची सक्ती त्याने नाकारली. आज बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेच्या वेळी सारे मिळून पापांची कबुली देतात.

कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार निवेदनाची गुप्तता अभंग आहे, आणि ती थेट मोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत ठरतो.