बीटमॅपची मान्यता : तालाच्या खेळातील प्रमाणीकरणाची एक प्रक्रिया

प्रमाणभाषा कशी ठरते, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात दर वर्षी निघतो, आणि दर वर्षी आपण त्याचे उत्तर देताना निष्पन्न झालेल्या नियमांकडे बोट दाखवितो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. एवढे आपण सांगतो. परंतु नियम ठरत असताना कोणी कोणता आक्षेप घेतला, त्यास काय उत्तर मिळाले, कोणी आपले म्हणणे मागे घेतले, हे विद्यार्थ्यास क्वचितच पाहावयास मिळते. अशी संपूर्ण प्रक्रिया, तिच्यातील रुसव्याफुगव्यांसह, नोंदली गेलेली असे क्षेत्र मला अनपेक्षितपणे अकोल्यात सापडले, आणि तेही एका संगणकीय खेळात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ते मला दाखविले. विषय या पत्रिकेच्या वाचकांस अपरिचित असण्याचा संभव असल्याने आरंभी थोडे विवेचन आवश्यक आहे.

‘ओसू’ हा खेळ ऑस्ट्रेलियातील डीन हर्बर्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गाणे वाजत असते, पडद्यावर खुणा उमटतात, आणि खेळणाऱ्याने प्रत्येक खुणेवर नेमक्या क्षणी आघात करावयाचा असतो. या खुणांच्या मांडणीस ‘बीटमॅप’, किंवा खेळणाऱ्यांच्या बोलीत नुसते ‘मॅप’ म्हणतात. खेळाचे चार प्रकार आहेत; त्यांपैकी ‘तायको’ हा जपानी ढोलावरून आलेला प्रकार आपणांस सर्वांत जवळचा वाटेल. त्यात चामड्याच्या मध्यावरील आघात ‘दोन’ व कडेवरील आघात ‘कात्सु’ या नावांनी ओळखले जातात. तबल्याच्या बोलांप्रमाणेच ही नावेही मुळात नादानुकारी आहेत. नादाला अक्षर देऊन ताल स्मरणात ठेवण्याची युक्ती एकट्या आपल्याकडचीच नव्हे, हे येथे सहज ध्यानात येते.

मुख्य गोष्ट ही की हे मॅप खेळाचा कर्ता तयार करीत नाही. खेळणारेच ते करतात. कोणीही मॅप करून इतरांपुढे ठेवू शकतो. परंतु ज्यावरील गुण खेळणाऱ्याच्या जागतिक क्रमवारीत धरले जातात, असा ‘रँक्ड’ मॅप होण्यासाठी त्यास मान्यतेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम तो ‘पेंडिंग’ अवस्थेत असतो. या अवस्थेत इतर जाणकार तो तपासून सूचना करतात; यास ‘मॉडिंग’ म्हणतात. सूचना मोघम नसते. गाण्याच्या अमुक मिनिटाच्या अमुक सेकंदाच्या अमुक मिलिसेकंदावरील खूण चुकली आहे, अशा स्वरूपाची ती असते, आणि ती ‘अडचण’ आहे की केवळ ‘सुचवणूक’ आहे, हेही सांगावे लागते. अडचणींचा निकाल लागल्याखेरीज मॅप पुढे सरकत नाही. काही खेळणाऱ्यांनी आपला उत्साह नोंदविणेही आवश्यक असते. त्यानंतर समुदायातूनच निवडलेल्या ‘नॉमिनेटर’ मंडळींपैकी दोघांनी तो मॅप नामनिर्देशित केला म्हणजे तो ‘क्वालिफाइड’ होतो, किमान सात दिवस सर्वांच्या तपासणीसाठी खुला राहतो, आणि त्या अवधीत गंभीर दोष न आढळल्यास ‘रँक्ड’ होतो. दोष आढळल्यास तो खाली उतरविला जातो व नामनिर्देशनाची पायरी पुन्हा चढावी लागते. नॉमिनेटरास स्वतःचा मॅप नामनिर्देशित करता येत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये. पण आपल्याकडील पारितोषिक-समित्यांचा अनुभव लक्षात घेता सांगितलेले बरे.

भाषाभ्यासकाचे कुतूहल जागे होते ते पुढे. मान्यतेचे निकष लेखी आहेत आणि ते दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीचे नियम कोणत्याही परिस्थितीत मोडता येत नाहीत. दुसऱ्या जातीची मार्गदर्शक तत्त्वे सबळ कारण असल्यास बाजूस ठेवता येतात. मात्र कारण द्यावे लागते. पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद यांशी याचे साम्य वरवरचे आहे, कारण तेथे अपवादही सूत्रातच सांगितलेला असतो. येथे तो कर्त्याने प्रत्येक वेळी वादातून सिद्ध करावयाचा असतो. पतंजलींनी म्हटले आहे की घट हवा असलेला मनुष्य कुंभाराकडे जातो, पण शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. नॉमिनेटराची भूमिकाही अशीच वैयाकरणाची आहे. तो मॅप घडवीत नाही. घडलेल्याविषयी प्रश्न विचारतो. सुचवणूक नाकारण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. एखाद्या नॉमिनेटरास गुणवत्तेच्या कारणावरून मॅप अडवावयाचा असेल तर तो नकाराधिकार वापरू शकतो, परंतु मग त्याच्या म्हणण्यावर इतर नॉमिनेटरांचा कौल घेतला जातो.

याखेरीज ‘लव्ह्ड’ नावाची एक वेगळी वाट आहे. निकषांत न बसणारे, तरीही लोकांना अतिशय आवडलेले मॅप खेळणाऱ्यांच्या मतदानाने तीत घेतले जातात. त्यांवर गुणांची यादी लागते, पण ते गुण क्रमवारीस उपयोगी पडत नाहीत. राजमान्यता आणि लोकमान्यता यांची इतकी स्वच्छ विभागणी भाषेच्या व्यवहारात मला कोठे आढळलेली नाही. प्रवरेच्या काठाने खाली गेल्यास संगमनेर लागते. अनंत फंदी तेथले. शाहिरांच्या कवनांना मान्यता मिळे ती श्रोत्यांकडूनच, आणि कलगी-तुऱ्याच्या झगड्यात उत्तर न सुचलेला पक्ष सर्वांदेखत हरे. तेथे लोकमान्यतेहून निराळी मान्यताच नव्हती.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. आमच्या विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या मंडळाच्या लेझीम-सरावाचे ध्वनिमुद्रण केले आणि त्यावर ‘तायको’ प्रकारचा मॅप रचला. मॅपच्या मुळाशी लयीची आखणी असते : पहिली मात्रा कोणत्या क्षणी पडते आणि मिनिटास किती मात्रा पडतात, या दोन गोष्टी सांगितल्या की पुढच्या सर्व खुणांच्या जागा ठरतात. त्याने मिनिटास १२० मात्रा, म्हणजे दर मात्रेस ५०० मिलिसेकंद, अशी एकच आखणी केली. यंत्रावर रचलेल्या संगीताला ती पुरते. लेझीम पुढे सरकते तशी चढत जाते. लय अवघी एक टक्का चढली तरी मात्रा ४९५ मिलिसेकंदांची होते. प्रत्येक मात्रेमागे ५ मिलिसेकंदांचा फरक साचतो आणि सातव्या मात्रेच्या अखेरीस तो ३५ होतो. खेळाच्या बऱ्यापैकी कठीण श्रेणीत पूर्ण गुणांसाठी असलेली मुभा आगेमागे सुमारे ३२ मिलिसेकंदांची असते. म्हणजे अचूक कानाने आघात करणारा खेळणारा आठव्या मात्रेवर चुकलेला ठरतो, आणि चूक मात्र मॅपची असते.

या दोषावर सूचना आल्या त्या दोन प्रकारच्या. एकाने सुचविले की ध्वनिमुद्रण संगणकावर ताणून-आवळून एकसारख्या लयीत आणावे. दुसऱ्याने सुचविले की मुद्रणास हात न लावता आखणीच ठिकठिकाणी बदलावी; जेथे लय चढते तेथे नवी खूण रोवावी. पहिली सूचना सोपी होती आणि एका संध्याकाळी उरकली असती. विद्यार्थ्याने ती नाकारली. “मग ते लेझीम राहणार नाही, सर,” एवढेच तो मला म्हणाला. दुसऱ्या सूचनेप्रमाणे आखणी करण्यास त्याला तीन आठवडे लागले. वर्णनासाठी वस्तू बदलावयाची की वस्तूसाठी वर्णन, हा वाद आम्ही वर्णनात्मक आणि आदेशात्मक व्याकरणाच्या संदर्भात वर्षानुवर्षे शिकवितो; इतका नेटका दाखला मला पूर्वी मिळाला नव्हता, आणि तो देणाऱ्या या विद्यार्थ्यास त्या प्रश्नपत्रिकेत बेताचेच गुण मिळाले होते.

एका नॉमिनेटराने मॅप नामनिर्देशित केला. दुसऱ्याने शीर्षकापाशी अडविले. कृतीचे नाव मूळ लिपीत आणि रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे द्यावे लागते, आणि रोमन रूपास आधार दाखवावा लागतो. जपानीसाठी हेपबर्न यांच्या नावाची पद्धती रूढ आहे. ‘अकोले लेझीम’ या दोन शब्दांना कोणता आधार द्यावयाचा? मराठीत ‘झ’ हे एकच अक्षर तालव्य आणि दंततालव्य अशा दोन उच्चारांसाठी येते. अक्षरशः लिप्यंतर करावयाचे तर ‘झ’साठी जे आणि एच ही अक्षरे हवीत, उच्चारानुसार करावयाचे तर झेड. ‘अकोले’ची अडचण निराळी आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत, १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरसकट, या तालुक्याचे नाव ‘अकोला’ असे लिहिलेले आढळते, आणि मराठीतही ‘अकोले’ व ‘अकोला’ या दोहोंचे सामान्यरूप ‘अकोल्या-’ असेच होत असल्याने ‘अकोल्यात’ एवढ्या शब्दावरून नगरकडचे गाव की वऱ्हाडातले शहर, हे कळत नाही. प्रश्न विचारणारा परदेशी होता. त्याने नकाशात वऱ्हाडातले अकोला पाहून विद्यार्थ्यास शेवटचे अक्षर दुरुस्त करण्यास सांगितले होते.

विद्यार्थ्याने माझ्याकडून टिपण मागितले. मी दीड पानाचे लिहिले. नाव एकारान्त आहे, जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर म्हणविला जातो, तालुक्याची पाटी ‘अकोले’ अशीच आहे, आणि ‘लेझीम’मधील ‘झ’ दंततालव्य असल्याने, शिवाय इंग्रजीतही हा शब्द बहुधा झेडने लिहिला जात असल्याने, तेच रूप ठेवावे, असे त्यात म्हटले. लिप्यंतराच्या बाजूचे युक्तिवादही प्रामाणिकपणे दिले. ते दिल्यामुळे प्रकरण लांबले, अशी विद्यार्थ्याची तक्रार आहे. शेवटच्या अक्षराविषयीचा आक्षेप मागे घेण्यात आला. ‘झ’विषयी नॉमिनेटराने मराठी जाणणाऱ्या आणखी एका खेळणाऱ्याचे मत मागविले असून ते अद्याप यावयाचे आहे.